मालकांना गूगलसाठी खर्च करायला कसं पटवायचं? (कडबा कुट्टी, डीलर आणि कॅलेंडरचं बजेट)

गोठ्याबाहेर
मी नोकरी करतो तो कारखाना कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. माल म्हणजे २ आणि ३ एचपीची कडबा कुट्टी, मळणी यंत्र आणि सुटे भाग. सगळी विक्री डीलरमार्फत, पश्चिम महाराष्ट्र आणि निपाणी-चिकोडी पट्ट्यात. वेबसाइट २०१६ ची आहे. पहिल्या पानावर फिरणारे फोटो, आत सगळ्या मालाची एकच पीडीएफ. प्रसिद्धीचा खर्च भिंती रंगवणं, दिनदर्शिका आणि मोशीच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल यावर जातो.

वेबसाइट नीट करून गूगलवर दिसण्यासाठी वर्षाची तरतूद हवी आहे. मालकांचं उत्तर ठरलेलं: "शेतकरी डीलर सांगेल ते घेतो, गूगल बघून नाही." त्यांना कोणत्या भाषेत सांगावं? आधी काय तयारी ठेवावी?

तिरपी रेघ
एसइओ (साइट गूगलच्या निकालात वर आणण्याचं काम) हा शब्द बैठकीत काढूच नका. त्या शब्दाने मालकांना दर आठवड्याला येणारे "पहिल्या नंबरची हमी" वाले फोन आठवतात. "आपल्या मालाची चौकशी दुसऱ्याकडे जाते आहे" एवढंच बोला.

नांगरफाळ
मालक बरोबर बोलतायत राव. डीलर उधारी देतो, गूगल देतं का?

हिशेबनीस
नांगरफाळ, उधारी डीलरच देणार, पण त्या दुकानात जायच्या आधी माणूस काय बघतो हा प्रश्न आहे. 'कडबा कुट्टी मशीन किंमत' हे मोबाइलवर बघूनच लोक दुकानात भाव करतात. समोर ऑनलाइन विक्रीच्या पोर्टलचा किंवा राजकोट-लुधियानाच्या मालाचा भाव आला तर आपल्या डीलरला तोच भाव ऐकून घ्यावा लागतो.

गोठ्याबाहेर, पहिलं काम: सर्च कन्सोलला (आपली साइट कोणत्या शोधांत दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, जोडलंय का बघा. नसेल तर आजच जोडा, परवानगी मिळायची वाट बघू नका. फुकट आहे. डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगमध्ये) एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते. त्यात १६ महिन्यांपर्यंतचा डेटा दिसतो, पण भरवशाने साठतो तो जोडल्यापासूनच. सहा महिन्यांनी मालक "दाखव आकडे" म्हणाले आणि तेव्हा जोडायला गेलात तर हात रिकामे.

डेटा आला की परफॉर्मन्स रिपोर्टमधून कंपनीचं नाव असलेल्या सगळ्या शोधांना वगळा. नाव टाकून शोधणारा तुम्हाला आधीच ओळखतो. राहिलेल्यांत ज्यांचे इम्प्रेशन (निकालात किती वेळा दिसलो तो आकडा) भरपूर पण सरासरी स्थान ११ ते ३० आहे, ती यादी काढा. ते लोक तुमच्या वाटेवरून जातायत, दुकान मात्र मागच्या गल्लीत आहे. या यादीचा एक कागद मालकांपुढे ठेवायचा, बाकी रिपोर्ट नको.

मुक्ता१२
यात एक खाच आहे. तुमचं पान एखाद्या शोधासाठी कधी दिसलंच नाही तर तो शोध सर्च कन्सोलमध्ये येणारच नाही. सगळा माल एका पीडीएफमध्ये असेल तर यादीत कंपनीचं नाव सोडून फारसं काही सापडणार नाही, आणि मालक म्हणतील, "बघ, कोणी शोधतच नाही!"

म्हणून मागणी दुसरीकडून दाखवा. गूगल ट्रेंड्समध्ये महाराष्ट्र निवडा, पाच वर्षांचा काळ घ्या, आणि देवनागरीतली 'कडबा कुट्टी' व तीच रोमन अक्षरांत टाइप केलेली, दोन्ही शेजारी लावा. तिथले ० ते १०० हे आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे. एवढं सांगूनच दाखवा, नाहीतर कोणीतरी "फक्त ६० लोक?" विचारणारच. संख्येच्या अंदाजासाठी गूगल अ‍ॅड्समधला कीवर्ड प्लॅनर आहे, पण खात्यात जाहिरातीचा खर्च नसेल तर तो १०० ते १,००० असे मोठे पट्टे देतो. अंदाजाला तेवढे पुरतात.

लिहिण्याच्या तऱ्हाही मोजा: कडबाकुट्टी, कडबा कुटी, कुट्टी मशिन, चाफ कटर. निपाणी-चिकोडीसाठी कन्नड वेगळं बघावं लागेल.

पायवाट
पीडीएफवरून आठवलं. कॅटलॉग कोरलड्रॉमध्ये श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टात केलेला असेल तर त्यातलं मराठी गूगलला मराठी म्हणून वाचताच येत नाही. तपासणं सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी आली तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर जुना फॉन्ट. ओळ निवडताच येत नसेल तर तो अक्षरांचा नुसता आकार किंवा फोटो.

हाच प्रयोग मालकांसमोर करा. कॅटलॉगवर खर्च केलेला असतो आणि गूगल तो असा वाचतो, हे पडद्यावर दिसलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

रानवारा
पायवाट, नाद खुळा! श्रीलिपीवाले सगळे आज नोटपॅड उघडून बसणार.

नांगरफाळ
आणि मालकांनी स्वतःच्या मोबाइलवर शोधलं आणि आपलीच साइट वर आली तर? बैठक तिथंच संपली की.

मुक्ता१२
हे हमखास होतं. मालक स्वतःची साइट वारंवार उघडतात, शिवाय बसलेले शिरोलीत. निकाल जागेनुसार बदलतात, इन्कॉग्निटो केलं तरी जागेचा अंदाज राहतोच. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात अ‍ॅड प्रिव्ह्यू नावाचं साधन आहे. त्यात पंढरपूर किंवा जत असं ठिकाण, भाषा आणि मोबाइल निवडून निकालाचं पान बघता येतं. तेच दाखवा. आधी छापून नेलेलं चित्र नको, समोर शोधा. शब्द मालकांनाच सांगू द्या, म्हणजे "तू सोयीचे शब्द निवडलेस" हा मुद्दा उरत नाही.

हिशेबनीस
आता पैशाचं. "ट्रॅफिक इतकी वाढेल" असा अंदाज मांडू नका, तो कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. उलटं मांडा: खर्च वसूल व्हायला किती मशीन जास्त विकली पाहिजेत?

आकडे समजा, तुमचे घाला. साइट दुरुस्तीला एकदाच ८०,०००. लिखाण आणि देखभाल महिना ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. एकूण ४,४०,०००. एका मशीनमागे कारखान्याला उरतात ३,५००. भागिले केलं की १२६ मशीन. शंभर चौकशांत ८ जण घेतात धरलं तर १,५७५ चौकश्या. साइटवर येणाऱ्या शंभरांत ४ जण फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप करतात धरलं तर साधारण ३९,४०० भेटी वर्षाला, महिन्याला ३,३०० च्या आत. आता कीवर्ड प्लॅनरचे पट्टे बघून मालकांनी ठरवावं हे शक्य वाटतं का. नसेल वाटत तर मागणी कमी करा. ८ आणि ४ हे आकडे मात्र तुमच्या रजिस्टरमधून यायला हवेत.

जीएसटीचा १८ टक्के वेगळा दाखवा. इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो खर्चात धरायचा नाही. मालकांचे सीए बैठकीत असतील तर पहिला प्रश्न तोच येईल.

तिरपी रेघ
हिशेब आवडला, पण पहिल्या वर्षाला बारा महिने कमाईचे धरले आहेत. गूगल स्वतः सांगतं की सुधारणा करून फायदा दिसायला चार महिने ते एक वर्ष लागू शकतं. पहिले सहा महिने शून्य धरा. मग त्या १२६ मशीन उरलेल्या सहा महिन्यांत विकायच्या, म्हणजे महिन्याला २१. मालक हसतील.

दोन वर्षांवर मांडा. खर्च ८ लाख, लागणारी मशीन २२९, कमाईचे महिने १८. महिन्याला १३ मशीन, साधारण १६० चौकश्या, ४,००० च्या आसपास भेटी. आणि "पहिले सहा महिने विक्रीत काही दिसणार नाही" हे पहिल्याच बैठकीत, लेखी. हे लपवलं तर चौथ्या महिन्यात काम बंद पडतं, म्हणजे खर्च पुरा होतो आणि फळ लागायच्या आधी झाड तोडलं जातं.

कावळ्याची फांदी
दोघांच्या हिशेबात एक गृहीत धरलंय की गूगलवरून आलेला प्रत्येक गिऱ्हाईक नवीनच आहे. त्यातले कित्येक डीलरकडे जाणारच होते. वाढीव विक्री मोजायची तर डीलर नसलेले तालुके वेगळे काढा. तिथून आलेली चौकशी निखळ नवी. मालकांना हेच जास्त पटेल, कारण तिथं नवीन डीलर नेमायचा की नाही तेही त्यातून कळतं.

गोठ्याबाहेर
सगळ्यांचे आभार. अडचण अशी की रजिस्टरमध्ये चौकशी कुठून आली हा रकानाच नाही. ऑफिसात फोन मॅडम घेतात, त्या नाव-गाव लिहून डीलरचा नंबर देतात. विषय संपतो.

पायवाट
मग खरी सुरुवात तिथून. पैसे लागत नाहीत.

साइटसाठी वेगळं सिम घ्या आणि तो नंबर दुसरीकडे कुठेही छापू नका, ना दिनदर्शिकेवर ना भिंतीवर. गूगल बिझनेस प्रोफाइलवर जुना मुख्य नंबरच राहू दे. साइटवरच्या व्हॉट्सअ‍ॅप बटणात आधीच मजकूर भरून ठेवता येतो: "वेबसाइटवरून, २ एचपी कुट्टीची माहिती हवी, गाव:". दर मालाच्या पानावर मजकूर वेगळा. मग कुठल्या पानावरून निरोप आला ते निरोपातच दिसतं, कुठलंही साधन न लावता. त्यावर टॅग मॅनेजरमध्ये (साइटवरचे क्लिक नोंदवणारं गूगलचं साधन) फोनच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरचे क्लिक पकडा आणि जीए४ मध्ये (गूगल अ‍ॅनालिटिक्स) त्यांना की इव्हेंट, म्हणजे मोजायची महत्त्वाची कृती, करा. क्लिक म्हणजे फोन लागलाच असं नाही, म्हणून सिमवरच्या कॉलशी महिन्यातून एकदा ताळा घ्या.

मॅडमना सांगा, एकच वाक्य विचारायचं: "दादा, आमचा नंबर कुठं मिळाला?" आणि उत्तर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचं. "मोबाइलवर" आणि "गूगलवर" हे एकत्र करू नका. "मोबाइलवर" म्हणजे यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काहीही असू शकतं.

कावळ्याची फांदी
आणि सातव्या दिवशी परत फोन करा: घेतलं का, कोणतं घेतलं? डीलर दोन-तीन कंपन्यांचा माल ठेवतो. चौकशी तुमची, मशीन दुसऱ्याचं, असं होत असेल तर तो दोष गूगलच्या खात्यात मांडला जायला नको.

नांगरफाळ
एवढ्या भानगडीपेक्षा यूट्यूब बरं. शेतकऱ्याला ओला मका, कोरडा कडबा, दोन्ही कापताना दाखवा. लिखाण कोण वाचतंय?

मुक्ता१२
नांगरफाळ, या वेळी सहमत, अर्ध्यावर. व्हिडिओ हवाच, आणि यूट्यूबवरही लोक शोधूनच येतात. शीर्षकात मशीनचा प्रकार, एचपी, सिंगल की थ्री फेज आणि कोणता चारा हे येऊ द्या. पण ब्लेड बदलताना बोल्टचं माप किती, व्हील उलटं फिरलं तर काय, ताशी किती किलो, सुट्या ब्लेडचा क्रमांक काय, हे लोक अर्ध्या मिनिटात शोधून निघतात. त्याला तक्ता असलेलं पान लागतं. व्हिडिओ त्याच पानावर लावा.

रानवारा
किंमत टाकायची का साइटवर? डीलर बोंब मारणार.

हिशेबनीस
टाकायची. 'किंमत' हा शब्द ज्या शोधात आहे तिथं किंमत नसलेलं पान फार तग धरत नाही, माणूस लगेच मागे फिरतो. डीलरची अडचण असेल तर "कमाल किरकोळ किंमत, मोटरसह आणि मोटरशिवाय" असे दोन आकडे आणि खाली "तालुक्यातला दर डीलरकडे". वाहतूक वेगळी की आत, तेही लिहा.

तिरपी रेघ
माझा विरोध. पोलाद आणि तांब्याचे भाव हलले की किंमत बदलते, आणि साइटवरची बदलायला कोणी नसतं. वर्षभर जुना भाव दाखवणारं पान डीलरशी भांडण लावतं. किंमत टाकाल तर ती बदलण्याची जबाबदारी कोणाची, नाव लिहून ठरवा. नाहीतर "पासून पुढे" असा पट्टा द्या.

आणि स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (गूगलसाठी पानाच्या कोडमध्ये भरलेली माहिती) खोटे तारे टाकू नका. ४.९ चं रेटिंग आणि पानावर एकही अभिप्राय नाही, असं सापडलं तर गूगल मॅन्युअल अ‍ॅक्शन (दंड) लावतं आणि रिच रिझल्ट, म्हणजे निकालात तारे-किंमत दिसणं, बंद होतात.

पायवाट
मालकांना सगळ्यात लवकर पटेल अशी जागा सांगतो: अनुदान. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) निवड झालेल्या शेतकऱ्याला कोटेशन आणि यंत्राचा परीक्षण अहवाल अपलोड करावा लागतो, आणि खरेदी पूर्वसंमतीनंतरच करायची असते. तो माणूस पैसे घेऊन तयार आहे, मुदत डोक्यावर आहे आणि त्याला कागद हवेत. कुठल्या मॉडेलचा परीक्षण अहवाल आहे, तो कसा मिळेल, कोटेशनसाठी कुणाला काय पाठवायचं, हे एका पानावर असेल तर चौकशी थेट तुमच्याकडे येते. आज हे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर डीलरमार्फत फिरतात.

दोन पथ्यं. "अनुदान मिळवून देऊ" असं कुठेही लिहू नका, आणि अहवाल ज्या मॉडेलचा आहे त्याचंच नाव तिथं हवं. २ एचपीचा अहवाल ३ एचपीच्या पानावर लावला तर अर्ज अडकतो आणि शिव्या कारखान्याला.

कावळ्याची फांदी
+१. हे पान एकट्यानं पटवून देईल. बैठकीत हेच पहिलं मांडा, ट्रेंड्स नंतर.

रानवारा
एक भाबडा प्रश्न. आता वरतीच एआय उत्तर देतं. मग साइट बघतंय कोण?

मुक्ता१२
भाबडा नाही, मालक नक्की विचारतील. एआय ओव्हरव्ह्यू भारतात ऑगस्ट २०२४ पासून आहेत. "कडबा कुट्टीचे फायदे" असल्या शोधांवरचे क्लिक त्यात जातात, त्यामुळे तसले लेख लिहिण्यात पैसे घालू नका. किंमत, डीलर, सुटे भाग, परीक्षण अहवाल यासाठी माणसाला अजूनही कुठेतरी पोचावं लागतं. गूगलच्या म्हणण्यानुसार त्या उत्तरात लिंक म्हणून यायला वेगळं काही करावं लागत नाही, पान इंडेक्समध्ये (गूगलच्या नोंदीत) असावं आणि स्निपेट (निकालात लिंकखाली येणारा मजकूर) दाखवण्यास पात्र असावं. "एआयसाठी वेगळं पॅकेज" विकायला कोणी आलं तर चहा पाजून परत पाठवा.

तिरपी रेघ
पॅकेजचा विषय निघालाच आहे तर, होकार मिळाल्यावर कुठे फसतं तेही आत्ताच लिहून ठेवा.

डोमेन कोणाच्या नावावर आहे? २०१६ ची साइट म्हणजे बहुधा ती करणाऱ्याच्याच खात्यात. आधी कंपनीच्या ईमेलवर आणा. सर्च कन्सोलमध्ये ओनर कंपनी, एजन्सी फक्त फुल यूजर. अ‍ॅनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइल यांचंही तसंच.

नवी साइट चढवताना जुन्या प्रत्येक पत्त्यावरून तशाच नव्या पानावर ३०१ (कायमचं वळवणं). सगळं मुखपृष्ठाकडे वळवणं म्हणजे वळवलंच नाही. हे किमान एक वर्ष ठेवायचं. चाचणी साइटवर लावलेला नोइंडेक्स (हे पान निकालात दाखवू नका, ही गूगलला सूचना) चढवताना काढायचा राहतो, आणि महिनाभर कोणाच्या लक्षातच येत नाही. चढवल्याच्या दिवशी सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पाच पानं तपासा.

"महिन्याला ५०० बॅकलिंक" (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) असं कोटेशनमध्ये दिसलं की कोटेशन बाजूला. आणि दर तालुक्याला एक पान, फक्त तालुक्याचं नाव बदललेलं, हे गूगलच्या नियमांत डोअरवे म्हणून स्पॅम आहे. डीलरची एकच यादी करा, खरा पत्ता आणि फोन देऊन. प्रत्येक डीलरने स्वतःचं बिझनेस प्रोफाइल उघडावं. कारखान्याने डीलरच्या पत्त्यावर उघडू नये.

रानवारा
आणि ते फिरणारे फोटो?

तिरपी रेघ
काढा. पाच फोटो मिळून कित्येक एमबी होतात. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा अशी गूगलची मर्यादा आहे, आणि ती ७५ टक्के भेटींत पाळली गेली पाहिजे. माळावरच्या नेटवर्कवर पहिला फोटो उतरेपर्यंत माणूस निघून जातो. एक फोटो, वेबपी या हलक्या प्रकारात, रुंदी मोबाइलच्या मापाची.

नांगरफाळ
मला एवढंच दिसतंय, की मालक शेवटी म्हणणार, "तुला एवढं कळतंय ना, मग तूच कर की." पगार तोच.

कावळ्याची फांदी
हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद, आणि तो नांगरफाळांचा, हे लिहिताना हात थरथरतोय.

उत्तर तयार ठेवा. सहा मालांची पानं, एक परीक्षण अहवालाचं, एक डीलर यादी, एक सुट्या भागांचं, अशी नऊ पानं. प्रत्येकाला मोजमापं जमवणं, फोटो, लिखाण आणि उत्पादन विभागाकडून तपासून घेणं मिळून दीड दिवस धरा. साडेतेरा दिवस झाले. "मी करतो, पण त्या दिवसांत डिस्पॅचची कागदपत्रं कोण बघणार?" एवढं विचारा. तुम्ही लिखाण करायचं, तांत्रिक काम बाहेर, अशी वाटणी बहुतेक मान्य होते आणि महिन्याचा आकडाही खाली येतो.

गोठ्याबाहेर
मग बैठकीला एकच पान नेतो. वर परीक्षण अहवालाचा मुद्दा, खाली डीलर नसलेले तालुके, मग दोन वर्षांचा हिशेब, शेवटी मागणी. मागणी पूर्ण ८ लाखांची करू की आधी फक्त साइट दुरुस्तीचे ८०,००० मागू?

हिशेबनीस
आधी ८०,००० आणि वेगळं सिम. पण त्याच कागदावर पुढच्या टप्प्याची अट लिहा: तिसऱ्या महिन्याअखेर नऊही पानं इंडेक्समध्ये असावीत, सहाव्या महिन्याअखेर कंपनीचं नाव नसलेल्या शोधांवरून महिना इतके क्लिक, इतक्या नोंदलेल्या चौकश्या. आकडा मालकांनाच ठरवू दे. आणि तो गाठला नाही तर थांबायचं, हेही लिहा.

तिरपी रेघ
सहाव्या महिन्याची तुलना त्याआधीच्या महिन्याशी नको. चाऱ्याचा हंगाम असतो, शोध आपोआप वर-खाली होतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. तो डेटा नसेल तर ट्रेंड्सचा आलेख शेजारी लावा.

पायवाट
आणि मोशीच्या प्रदर्शनाआधी बैठक घ्या. स्टॉलचं बिल आलं की मालक कुठल्याच कागदावर सही करत नाहीत.

रानवारा
वाखु (वाचनखूण) साठवली. गोठ्याबाहेर, नोटपॅडमध्ये काय आलं ते तरी सांगा.

गोठ्याबाहेर
खिचडी. श्रीलिपीच.